संगणकाच्या डिस्कचा वेग : चाचणीचे आकडे कसे वाचावेत

(पंचायत समितीचे अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



अलीकडे कार्यालयांकडे आणि शाळांकडे संगणक-खरेदीची जी दरपत्रके येतात, त्यांना पुष्कळदा एक नवा कागद जोडलेला असतो. त्यावर रंगीत चौकटींत काही आकडे छापलेले असतात. वरच्या ओळीत वाचन ३,५००, लेखन ३,००० असे भरघोस आकडे आणि खाली उतरत उतरत अगदी लहान आकडे. हा कागद म्हणजे संगणकातील डिस्कच्या वेगचाचणीचा निकाल होय. खरेदी समितीचे सदस्य तो पाहतात, सर्वांत मोठा आकडा कोणत्या दरपत्रकात आहे हे हेरतात आणि टिपणीत तशी नोंद करून पुढच्या विषयाकडे वळतात.

माझे म्हणणे असे आहे की, या कागदावरचा सर्वांत मोठा आकडा आपल्या कामाच्या दृष्टीने बहुधा सर्वांत कमी महत्त्वाचा असतो आणि ज्याकडे कोणी पाहत नाही तो तळचा लहान आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो. हे विधान चमत्कारिक वाटेल, पण त्यामागचे गणित सहावी-सातवीच्या विद्यार्थ्याला समजेल इतके सोपे आहे. ते गणित कळले की पंधरा संगणक मोडीत काढून पंधरा नवे घ्यावयाचे की असलेल्या संगणकांच्या केवळ डिस्क बदलावयाच्या, या प्रश्नाचे उत्तर समितीला स्वतःच्या बुद्धीने देता येते. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

तबकडीचे गणित

अनेक जुन्या संगणकांत आजही फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क आहे. ग्रामोफोनची ज्यांना आठवण आहे त्यांना तिची रचना चटकन ध्यानात येईल. चुंबकीय लेप दिलेली तबकडी सतत फिरत असते आणि एका दांडीच्या टोकाला बसविलेले वाचन-लेखनाचे शीर्ष तिच्यावरून आत-बाहेर सरकत असते. फरक एवढाच की हे शीर्ष तबकडीला टेकत नाही, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर राखून ते हवेवर तरंगते.

आता हिशोब पाहू. टेबलावरच्या संगणकातील डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) हवी असलेली नोंद शीर्षाखाली येण्यासाठी कधी पूर्ण फेरा थांबावे लागते, कधी मुळीच थांबावे लागत नाही. सरासरी अर्धा फेरा धरला तर ४.२ मिलिसेकंद झाले. त्याआधी शीर्षाला योग्य त्या वर्तुळावर सरकावे लागते, त्यास सरासरी ९ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. एकूण १३ मिलिसेकंद. याचा अर्थ असा की, नोंदी जर ठिकठिकाणी विखुरलेल्या असतील तर ही डिस्क एका सेकंदात जेमतेम ७५ नोंदी आणून देऊ शकते. प्रत्येक नोंद ४ किलोबाइटची धरली तर सेकंदाला ३०० किलोबाइट, म्हणजे ०.३ मेगाबाइट इतकाच माल पदरात पडतो.

पण हीच डिस्क सलग वाचू लागली की तिचे रूप पालटते. शीर्ष एकदा जागेवर बसले की तबकडी फिरत राहते आणि माहिती अखंड येत राहते. त्या वेळी सेकंदाला १५० ते २०० मेगाबाइटपर्यंत मजल जाते. एकाच यंत्राचा वेग एका कामात ०.३ आणि दुसऱ्या कामात १५०, म्हणजे पाचशेपट फरक. तेव्हा ‘या डिस्कचा वेग किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामातला वेग?’ असे विचारले पाहिजे.

आपल्यापैकी ज्यांनी अभिलेख कक्षात काम केले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. एक रुमाल सोडून त्यातील पाचशे कागद ओळीने नकलून काढणे हे एक काम. पाचशे वेगवेगळ्या रुमालांतून एकेक कागद काढून आणणे हे निराळे. कागद तेवढेच, कारकून तोच, परंतु दुसऱ्या कामात त्याचा सारा दिवस शिडी चढण्या-उतरण्यात आणि गाठी सोडण्या-बांधण्यात जातो. त्याच्या लिहिण्याच्या वेगाला तेथे काही किंमत उरत नाही.

जगातील पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आकार मोठ्या कपाटाएवढा, क्षमता सुमारे ५० लाख अक्षरांची आणि एखादी नोंद शोधण्यास लागणारा सरासरी वेळ ६०० मिलिसेकंद. आज २० टेराबाइटची डिस्क तळहातावर मावते. क्षमता चाळीस लाख पटींनी वाढली, शोधण्याचा वेळ मात्र पन्नास पटींनीसुद्धा कमी झाला नाही. विजेच्या मंडलांची सुधारणा ज्या झपाट्याने होते त्या झपाट्याने दांडीच्या हालचालीची होत नाही. सलग वेग आणि विखुरलेला वेग यांच्यातील दरी रुंदावत गेली ती यामुळे.

तक्त्यातील चार ओळी

आता त्या कागदाकडे वळू. विंडोज प्रणालीवर सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी म्हणजे क्रिस्टलडिस्कमार्क. जपानमध्ये तयार झालेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तिच्या नेहमीच्या तक्त्यात चार ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत वाचनाचा व लेखनाचा असे दोन आकडे. ओळींची नावे सांकेतिक असल्यामुळे ती पाहून माणूस बिचकतो, पण संकेत अगदी साधा आहे. ‘एसईक्यू’ म्हणजे सलग, ‘आरएनडी’ म्हणजे विखुरलेले. ‘१ एम’ म्हणजे एक मेगाबाइटचे तुकडे, ‘४ के’ म्हणजे चार किलोबाइटचे तुकडे. ‘क्यू’ या अक्षरापुढचा अंक डिस्कपुढे एका वेळी किती मागण्या रांगेत ठेवल्या हे सांगतो आणि ‘टी’ पुढचा अंक त्या मागण्या किती हातांनी आणून दिल्या हे सांगतो.

पहिल्या दोन ओळी सलग वाचन-लेखनाच्या असतात. जाहिरातीत आणि वेष्टनावर छापला जातो तो त्यांतला पहिला आकडा. तिसरी ओळ विखुरलेल्या तुकड्यांची, पण ३२ मागण्या एकदम रांगेत ठेवून घेतलेली. शेवटची ओळ विखुरलेल्या तुकड्यांची, एका वेळी एकच मागणी ठेवून घेतलेली. तिचा आकडा सर्वांत लहान असतो आणि आपल्या कामाचा तोच.

रांगेच्या लांबीने फरक का पडावा? अभिलेखपालाच्या हाती एकेक चिठ्ठी दिली तर प्रत्येक चिठ्ठीगणिक तो एक फेरी मारील. बत्तीस चिठ्ठ्या एकदम दिल्या तर तो त्या कपाटवार लावून घेईल आणि थोड्या फेऱ्यांत काम उरकील. डिस्कही तसेच करते. पण आपल्या कार्यालयातील एका मेजावरच्या संगणकावर एकदम बत्तीस मागण्या जमतात कधी? एक अर्ज उघडला, तो वाचून झाल्यावर त्यातून पुढची मागणी निघाली, असाच तेथील क्रम असतो. बत्तीसच्या रांगेचा आकडा शेकडो लोकांना एकाच वेळी सेवा देणाऱ्या मध्यवर्ती संगणकाच्या उपयोगाचा. तो ग्रामपंचायतीच्या खरेदीत पुढे करणे म्हणजे बैलगाडीच्या सौद्यात रेल्वेच्या वाघिणींची संख्या मोजण्यापैकी आहे.

सकाळी संगणक सुरू होताना काय घडते ते पाहा. प्रणालीचे हजारो लहान-लहान भाग डिस्कच्या वेगवेगळ्या जागांवरून उचलले जातात. समजा, असे २० हजार तुकडे आणावयाचे आहेत. सेकंदाला ७५ या दराने फिरत्या डिस्कला सुमारे साडेचार मिनिटे लागतील. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीचा शेवटच्या ओळीतील आकडा साधारणतः ३० मेगाबाइटच्या घरात असतो, म्हणजे सेकंदाला सात-आठ हजार तुकडे. तिला अडीच-तीन सेकंद पुरतात. एसएसडीत फिरणारा एकही भाग नसतो, सर्व माहिती सूक्ष्म कोशांतील विद्युत्‌भाराच्या रूपाने राहते, म्हणून शीर्ष सरकण्याचा आणि फेऱ्याची वाट पाहण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. त्याहून महाग अशा एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीचा हाच आकडा ६० ते ८० असतो आणि तिला एक-दीड सेकंद लागेल. प्रत्यक्षात प्रणाली काही तुकडे सलग मांडून ठेवते, प्रक्रियकालाही आपला वेळ लागतो, त्यामुळे घड्याळात इतका टोकाचा फरक दिसणार नाही. परंतु प्रमाण ध्यानात यावे. पहिल्या बदलाने मिनिटे वाचली, दुसऱ्याने एखादा सेकंद. आणि वेष्टनावरचे आकडे काय सांगतात? फिरती डिस्क १५०, साटा एसएसडी ५५०, एनव्हीएमई ३,५०० किंवा ७,०००. ज्या पायरीवर आपला खरा लाभ आहे ती पायरी तेथे ठेंगणी दिसते आणि जेथे लाभ नगण्य आहे तेथे डोंगर उभा राहतो.

यावरून एनव्हीएमई घेऊच नये असे मात्र कोणी समजू नये. नव्या संगणकांत ती सर्रास येते आणि किमतीतील अंतरही पूर्वीइतके राहिलेले नाही. (किमती वरखाली होत असतात, म्हणून मी येथे रुपयांचा आकडा देत नाही.) माझा आक्षेप आहे तो ३,५०० ऐवजी ७,००० लिहिले आहे म्हणून जादा पैसे मोजण्याला.

मोठा आकडा कोठे उपयोगी पडतो

सलग वेग निरुपयोगी नाही. ग्रामसभेचे चित्रीकरण साठविणे, सुरक्षा कॅमेऱ्यांची नोंद ठेवणे, सगळ्या दप्तराची एक प्रत बाह्य डिस्कवर उतरविणे, ही सलग कामे होत. त्यांत फिरती डिस्क अजूनही बरी आणि साठ्याच्या मानाने स्वस्त पडते. मात्र तेथे आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे वाट. १०० गिगाबाइटचा संच १५० मेगाबाइट वेगाच्या डिस्कवर उतरविण्यास ११ मिनिटे लागावीत. परंतु ती डिस्क जर जुन्या यूएसबी २ च्या तोंडाला जोडली असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइटच्या आसपासच माल जातो आणि त्याच कामाला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. धरणात पाणी किती आहे यापेक्षा चारीचे तोंड किती रुंद आहे यावर शेतात पोचणारे पाणी ठरते.

येथेच मेगाबिट आणि मेगाबाइट यांतील घोटाळ्याचाही उल्लेख केला पाहिजे. आठ बिट मिळून एक बाइट होतो. ‘वेग ४८० मेगाबिट’ हे यूएसबी २ चे बिरुद म्हणजे कागदोपत्री ६० मेगाबाइट. साटा जोडणीचे ‘६ गिगाबिट’ म्हणजे संकेतनाचा खर्च वजा जाता ६०० मेगाबाइट. आणि ही सारी वाटेची रुंदी झाली, डिस्कचा वेग नव्हे. फिरत्या डिस्कवर ‘६ गिगाबिट’ असे ठळक छापलेले असते, ते वाचून ती सेकंदाला ६०० मेगाबाइट देईल अशी समजूत करून घेऊ नये. ती देणार १५० ते २००च.

आकडे फुगतात कसे

चाचणी खोटी नसते. पण ती ज्या परिस्थितीत घेतली ती परिस्थिती आपली असतेच असे नाही.

सर्वांत नेहमीचा प्रकार एसएसडीच्या लेखनाचा. आजच्या स्वस्त एसएसडीत एकेका कोशात तीन किंवा चार बिट कोंबलेले असतात. असे दाटीने लिहिणे संथ असते. म्हणून डिस्कचा काही भाग एका कोशात एकच बिट अशा पद्धतीने तात्पुरता वापरला जातो. येणारा मजकूर आधी तेथे घाईने उतरवून घ्यावयाचा आणि मागाहून सवडीने दाट भागात लावावयाचा. आवक-बारनिशीच्या टेबलावर हेच चालते. टपाल आले की ते ट्रेमध्ये पडते, नोंद होऊन संबंधित फायलीत ते नंतर जाते. ट्रे रिकामा असेतोवर टपालवाल्याला वाटते की, काय झपाटा आहे! क्रिस्टलडिस्कमार्कची नेहमीची चाचणी एक गिगाबाइटच्या फायलीवर होते, म्हणजे ती ट्रेमध्येच आटोपते. प्रत्यक्षात २०० गिगाबाइटचा संच उतरवू लागले की ट्रे भरतो आणि चार बिटांच्या काही स्वस्त डिस्कचा वेग १०० मेगाबाइटच्या आसपास, क्वचित त्याहूनही खाली येतो. डिस्क बरीचशी भरलेली असेल तर हा ट्रेही लहान होतो. याकरिता चाचणी केव्हा घेतली, रिकाम्या डिस्कवर की भरलेल्या, आणि किती मोठ्या फायलीवर, हे विचारावे.

फिरत्या डिस्कची गोष्ट वेगळी. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वर्तुळ मोठे असते, म्हणून एका फेऱ्यात अधिक माहिती शीर्षाखालून जाते. आतल्या कडेला ती जवळजवळ निम्मी होते. नवी कोरी डिस्क बाहेरच्या कडेपासून भरत असल्यामुळे तिची चाचणी नेहमीच उजळ दिसते.

कधी कधी तर मोजला जातो तो डिस्कचा वेग नसतोच. संगणक नुकतीच वाचलेली माहिती आपल्या स्मृतीत धरून ठेवतो आणि पुन्हा मागितली तर तेथूनच देतो. फिरत्या डिस्कच्या निकालात शेवटच्या ओळीत वाचनाचा आकडा ४० किंवा १०० दिसला तर तो कागद बाजूला ठेवावा. सेकंदाला ७५ नोंदी देणारे यंत्र १०० मेगाबाइट विखुरलेले वाचन करूच शकत नाही, त्या आकड्यामागे स्मृतीच असली पाहिजे. मघाचे गणित पाठ ठेवावयाचे ते याचसाठी.

आणखी दोन घटना नमूद करण्याजोग्या आहेत. कौलारू छपरावर जशी एका कौलाची कड दुसऱ्यावर चढलेली असते, तशा एकमेकींवर किंचित चढविलेल्या वर्तुळांत लिहिणाऱ्या फिरत्या डिस्क निघाल्या आहेत. त्यांत जागा वाचते, परंतु मधले एक कौल बदलावयाचे तर पुढची ओळ उचलावी लागते आणि दीर्घ लेखनात वेग कोसळतो. २०२० साली असे उघडकीस आले की, बड्या उत्पादकांनी आपल्या काही डिस्कमध्ये ही पद्धत वापरली होती आणि ग्राहकांना तसे स्पष्ट सांगितले नव्हते. त्यानंतर त्यांनी तशा डिस्कच्या याद्या प्रसिद्ध केल्या. २०२१ साली एसएसडीच्या बाबतीत दुसरा प्रकार दिसला. नाव आणि वेष्टन तेच, पण आतील भाग बदललेले, आणि काहींचा दीर्घ लेखनाचा वेग पहिल्यापेक्षा बराच कमी. म्हणजे गतवर्षी कोणीतरी प्रसिद्ध केलेला निकाल यंदा आपल्या हाती येणाऱ्या नगाला लागू पडेलच असे नाही.

दोष डिस्कचा नसतो तेव्हा

एवढे ऐकल्यावर प्रत्येक मंद संगणकाला एसएसडीची मात्रा द्यावी असे वाटण्याचा संभव आहे. तेव्हा थोडे थांबून पाहू. महाभूलेखवर सातबारा उतारा उघडण्यास वेळ लागतो, यू-डायसची माहिती भरताना पान अडकते, ई-ग्रामस्वराजवर देयक पुढे सरकत नाही, तेव्हा माहिती आपल्या डिस्कवरून येतच नसते. ती दूरच्या मध्यवर्ती संगणकावरून जाळ्यामार्फत येते. तेथे आपल्या डिस्कचा वेग दसपट केला तरी क्षणाचाही लाभ व्हावयाचा नाही. दुसरा प्रकार अपुऱ्या स्मृतीचा. चार गिगाबाइट स्मृतीच्या संगणकावर आज चार-पाच पाने एकदम उघडली की स्मृती संपते आणि संगणक डिस्कवरच तात्पुरती टाचणे ठेवू लागतो. डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत राहतो आणि दोष डिस्कच्या माथी येतो. अशा ठिकाणी स्मृती वाढविणे हा पहिला उपाय.

आणि काही संगणकांना डिस्क बदलूनही नवे आयुष्य मिळत नाही. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नेहमीचे सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही त्यांना जलद डिस्क दिली तरी सुरक्षिततेचा प्रश्न उरतोच. शाळेतील सरावासाठी अशा यंत्रांवर लिनक्सवर आधारित प्रणाली बसविता येते. आपल्या सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही त्यांपैकीच एक. पण हा निर्णय डिस्कच्या तक्त्यावरून घ्यावयाचा नसून यंत्राचे वय आणि त्यावर चालणारे काम पाहून घ्यावयाचा आहे.

घड्याळ लावून घेतलेली चाचणी

मला विचाराल तर सर्वांत विश्वसनीय चाचणी कोणत्याही आज्ञावलीची नव्हे, भिंतीवरच्या घड्याळाची. कार्यालयातील रोजची चार कामे निवडावीत : संगणक सुरू होऊन कामास तयार होणे, लेख्यांची आज्ञावली उघडणे, जन्म-मृत्यू नोंदीचा मोठा तक्ता उघडून त्यात एक नाव शोधणे, आणि गावच्या छायाचित्रांची एक पेटी एका जागेवरून दुसरीकडे उतरविणे. प्रत्येक कामास किती सेकंद लागले ते तीनदा मोजावे. दर वेळी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, नाही तर दुसऱ्या वेळी उत्तर स्मृतीतून येईल आणि मोजणी फसेल. मग एकाच संगणकाची डिस्क बदलून पाहावी आणि हीच कामे पुन्हा मोजावीत. एका यंत्रावरचा हा प्रयोग पंधरा यंत्रांच्या खरेदीचा निर्णय करून देतो. शिक्षकांनी तर तो विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. सरासरी, प्रमाण आणि आलेख हे तिन्ही धडे त्यात येतात.

अशा मोजणीची वही पाहण्याचा योग मला एका शाळेत आला. तेथे डिस्क बदलल्यावर संगणक सुरू होण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला होता. ऑनलाइन माहिती भरण्याचा वेळ मात्र होता तेवढाच राहिला होता. मुख्याध्यापकांनी दोन्ही ओळी प्रामाणिकपणे लिहून ठेवल्या होत्या. त्यांच्या प्रस्तावात संगणकांऐवजी काही डिस्क आणि जाळ्याची चांगली जोडणी यांची मागणी होती.

मोजण्यापूर्वी प्रत काढा

आता जो मुद्दा सांगतो तो वेगाहून मोलाचा आहे. एखादी डिस्क एकाएकी मंदावली, एरवी सहज उघडणारी फाईल उघडताना अडू लागली, चाचणीच्या आलेखात मध्येच खोल खड्डे दिसू लागले, तर ती केवळ मंद नाही, ती मरणपंथाला लागलेली असण्याचा संभव आहे. डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि बाहेरून हे मंदगतीसारखे दिसते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची एक नोंदवही ठेवत असते, तिला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या विनामूल्य आज्ञावलीने ती वाचता येते. तीत बदलून टाकलेल्या खराब विभागांची आणि वाचता न आलेल्या विभागांची संख्या असते. ती शून्याहून अधिक असून वाढत असेल तर वेगचाचणी घेत बसू नये. चाचणीत डिस्कवर पुन:पुन्हा लिहिले-वाचले जाते आणि आजारी डिस्कला तो ताण असह्य होऊ शकतो. प्रथम घरपट्टीच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे निकाल, ठरावांची इतिवृत्ते यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी. निरोगी डिस्कच्या बाबतीतही क्रम हाच असावा.

फाईलवर काय लिहावे

खरेदी जेम पोर्टलवरून होवो की दरपत्रकांवरून, अपेक्षांच्या रकान्यात ‘वेगवान एसएसडी’ एवढेच लिहिल्याने काही साधत नाही. विखुरलेल्या चार किलोबाइट वाचनाचा, एका मागणीच्या रांगेचा किमान आकडा लिहावा. सलग १०० गिगाबाइट लेखनात शेवटपर्यंत टिकणारा किमान वेग लिहावा. एकूण किती टेराबाइट लेखनापर्यंत हमी आहे आणि ती किती वर्षांची, हे विचारावे. कारण एसएसडीचे कोश लिहून-पुसून झिजत असतात. माल आल्यावर त्यातील एक-दोन नग आपल्याच संगणकावर, आपल्याच माणसाकडून तपासून घ्यावेत आणि तो तक्ता दिनांकासह फायलीस लावावा. पाचशे गिगाबाइटच्या डिस्कवर संगणक ४६५ दाखवितो म्हणून विक्रेत्याशी वाद घालू नये. विक्रेता हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे.

काढून घेतलेल्या जुन्या डिस्कचे काय करावयाचे, हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात विचारला जातो. त्या भंगारात देऊ नयेत. त्यांवर लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि मुलांची नावे असतात, आणि फाईल ‘डिलीट’ केल्याने ती पुसली जात नाही. नवी व्यवस्था सुरळीत चालल्याची खात्री होईपर्यंत, निदान तीन महिने, त्या कुलपात ठेवाव्यात. त्यानंतर संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून ती कोरी करावी. हे काम निखळ सलग लेखनाचे असल्यामुळे पहिल्या ओळीतील मोठा आकडा येथे अगदी बरोबर लागू पडतो. सरासरी १०० मेगाबाइट धरले तर पाचशे गिगाबाइटची फिरती डिस्क सुमारे दीड तासात पुसून होते. एसएसडीवर मात्र ही युक्ती पुरेशी नाही. तिचे काही कोश बाहेरून दिसतच नाहीत, यास्तव तिच्या उत्पादकाने दिलेली पूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी लागते. ज्या डिस्क चालूच होत नाहीत त्या फोडून ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्याव्यात आणि त्यांच्या अनुक्रमांकांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी.